गाडी सल्ला : ब्रीदरचा पाईप खाली सोडण्याआधी हे वाचा



माल मार्केटला नेणाऱ्या डिझेल पिकअप, टेम्पो, ट्रकसाठी आजचा सल्ला. टर्बोच्या नळीत किंवा इंटरकूलरमध्ये ऑइल दिसलं की काही मिस्त्री झटपट इलाज सुचवतात : ब्रीदरचा पाईप हवेच्या नळीतून काढायचा आणि चेसीखाली सोडून द्यायचा. खर्च किरकोळ, म्हणून आपणही हो म्हणतो.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याची बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या गाड्यांत हा पाईप कंपनीकडूनच खाली उघडा असतो. नव्या गाड्यांत तो ऑइल वेगळं करणाऱ्या डबीतून परत हवेच्या नळीत जातो. त्यामुळे नळी आतून थोडी ओलसर असणारच, घाबरू नका. ऑइल साचत असेल तर मात्र कारण शोधा.

आधी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघा. वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढा. मग एअर फिल्टर. तो चोंदला की हवेची नळी ब्रीदरमधून ऑइल ओढते. आपल्याकडच्या धुळीत हे नेहमीचंच. नंतर ती डबी. या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर गरम इंजिन स्लोवर ठेवून, चेहरा लांब ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. भकाभक धूर मारला तर बॅक कॉम्प्रेशन आहे : रिंग-लायनर झिजले, किंवा टर्बोची सील गेली. पाईप कुठेही वळवला तरी हे बरं होत नाही, फक्त दिसायचं बंद होतं.

*धोका कुठे आहे?* ऑइल जास्त प्रमाणात हवेच्या नळीत गेलं तर इंजिन डिझेलऐवजी तेच जाळून आपोआप रेस होतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक पूर्ण दाबून, टॉप गिअर टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन बंद पडेल. तेही जमलं नाही तर गाडीपासून लांब व्हा. हवेच्या तोंडावर हात कधीच धरायचा नाही.

पाईप काढून हवेच्या नळीचं भोक उघडं राहिलं, तर गाळणीशिवाय धूळ सरळ टर्बोत जाते. पाईप सायलेन्सरवर ठिबकला तर आग लागू शकते. बीएस-६ गाडीत तर या जोडणीला हात लावू नका, ती प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे आणि वॉरंटीही अडचणीत येते.

जुन्या गाडीचा मूळचा उघडा पाईप बदलायचा असेल तर जाडी तेवढीच ठेवा. मध्ये झोळ नको, तिथे ऑइल-पाणी साचून वाट बंद होते. तोंड खाली, चिखल-पाण्याच्या वर, सायलेन्सर आणि पट्ट्यापासून लांब. ठिबकतंय म्हणून तोंडाला चिंधी बांधायची तर अजिबात नाही. दाब आत कोंडला की ऑइल सील फुटतात, पट्टीसुद्धा उडून बाहेर येते.

शंका असेल तर ब्रीदरच्या जोडणीचा फोटो, गाडीचं मॉडेल आणि साल लिहून याच नंबरवर पाठवा.