गाढवाच्या नावानं चांगभलं

कोकणातल्या जुन्या देवळांभोवती कोरीव दगड बघत फिरायचा मला नाद आहे. त्या नादात ‘गाढव’ या शिवीबद्दल जे थोडंफार शहाणपण आलं, ते असं.

१. गधेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड, दिसला तर लाजून पुढे जाऊ नये, थांबून बघावा. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्धच आहे. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि तळाशी स्त्रीवर चढलेलं गाढव. जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो, असा सरळ मामला. सूर्य-चंद्र असेतोवर दान चालावं अशी वर इच्छा आणि नुसत्या इच्छेवर विश्वास नाही म्हणून खाली धमकी! शिलाहार राजांच्या काळात कोकणात असे दगड बरेच रोवले गेले. परळला सापडलेल्या, त्यांच्यातल्याच अपरादित्याच्या शके ११०८च्या लेखात तर दानाचा मजकूर संस्कृतात आणि शिवी तेवढी मराठीत. जिला घाबरायचं ती कळायला नको? आज यातले काही दगड अशुभ म्हणून पालथे पडलेत, काहींना शेंदूर लागून त्यांचे देव झालेत.

२. शिवी कुणाला लागते ते बघावं. जमीन लुबाडणार हा, विटंबना त्याच्या आईची. नाक्यावरच्या भांडणात आजही हाच हिशेब चालतो.

३. गाढव म्हणजे मूर्ख, एवढ्यावर थांबू नये. वाघाचं कातडं पांघरून शेवटी ओरडलेलं पंचतंत्रातलं गाढव मूर्ख खरंच. पण आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला असं आपण शाळेपासून ऐकतो, त्यात अकलेचा प्रश्नच नव्हता. जागा बाटवायची होती. धिंडही गाढवावरूनच निघायची.

४. ज्यांचं पोट या जनावरावर आहे, त्यांच्यात जाऊन बसावं. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार, परीट लांबून येतात. काठेवाडी जनावराला गावठीपेक्षा जास्त भाव. जबडा उघडून दात बघायचे, त्यावरून दुवान, चौवान, अखंड असं वय ठरवायचं. तिथे एका म्हाताऱ्या बेलदारबाबांना मी विचारलं, “बाबा, हे अडून बसतं ते का?” ते म्हणाले, “अडत न्हाई ओ, बघतंय. पायाखालचं पटलं की चालतंय.” घोडा बिचकला की उधळतो, गाढव जागच्या जागी थिजतं. पाठीवर विटा लादणाऱ्याला तो हट्ट वाटतो.

५. संबोधनाचा आकार ऐकावा. साहेब “गाढव आहात” म्हणाले तर राजीनाम्याचा मजकूर मनात तयार होतो. आई मात्र “गाढवा, उशीर होणार होता तर कळवायचंस ना!” म्हणत ताट वाढायला घेते.