वाळवण करायचे कोणी?

मार्च सरत येतो, ऊन तापू लागते आणि अनेक मराठी घरांत सोऱ्या शोधला जातो. कुरडया, पापड, सांडगे, शेवया यांची यादी होते. पूर्वी पावसाळ्यात भाजी दुर्मिळ होत असे. त्या दिवसांची ही तरतूद. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांतही पावसापूर्वी वर्षाचा मसाला कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत भरण्याची रीत आहे. ‘बॉटल मसाला’ हे नाव त्यावरूनच पडले.

घरचे, साधे, जवळपास पिकणाऱ्या धान्याचे अन्न आपल्या मुलांना मिळावे असे वाटणे योग्यच आहे. परंतु एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: हे सगळे करते कोण?

कुरडईचेच उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजत ठेवतात आणि पाणी रोज बदलतात. मग ते वाटून, पाण्यात पिळून, वस्त्रगाळ करावे लागतात. हा चीक रात्रभर न हलवता ठेवला की पिष्ट तळाशी बसते व वरचे आंबूस पाणी ओतून देता येते. सकाळी, चीक जितका तितकेच साधारण पाणी उकळून त्यात मीठ व हिंग घालतात. नंतर एकाने चिकाची धार सोडावी आणि दुसऱ्याने न थांबता ढवळावे, कारण हात थांबला की गुठळ्या झाल्याच. शिजलेला चीक चकचकीत दिसू लागतो. तो गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. निवला की तो घट्ट होतो व तार तुटते. उरलेल्या चोथ्यात तिखट, मीठ, जिरे घालून भुसवड्या होतात, म्हणजे काहीच वाया जात नाही. त्यापुढे दोन-तीन दिवस उन्हाची, कावळ्यांची आणि अवेळी येणाऱ्या ढगांची राखण असतेच.

या कामाला दोन माणसे लागतात, हे कृतीवरूनच दिसते. पूर्वी ती मिळतही असत. आज एकीच्या अंगणात तर उद्या दुसरीच्या, असे शेजारणींचे वाळवण चाले. आता अंगण गेले, शेजारचे दार बंद असते, पुष्कळ घरांत आई दिवसभर नोकरीही करते. अपेक्षा मात्र तीच राहिली. ‘घरच्या कुरडईची सर विकतच्याला नाही’ असे जेवताना म्हणणारे आपण, चीक ढवळायच्या पहाटे कोठे असतो?

वाळवणाच्या श्रमाला मोल आहे, हे एका सुप्रसिद्ध उदाहरणावरून दिसते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘लिज्जत’ पापडाची संस्था झाली. जे काम घरात ‘बसल्या बसल्या’ होते असे मानले जाई, त्याचीच तेथे मजुरी ठरली.

तेव्हा यंदा गहू भिजत घालण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून बोलावे. पाच किलोच्या कुरडया खरोखरच हव्यात, की एक किलो पुरेल? (कुरडई बहुतांशी पिष्टच असते आणि ती तळूनच खातात, ती अधिक खाल्ल्याने कोणी सुदृढ होत नाही.) ढवळण्यास जोर लागतो, तेव्हा ते वडिलांनी का करू नये? मोठ्या मुलाने सोऱ्या दाबावा, धाकट्यांनी काठी घेऊन पाखरे हाकावीत. सुटीचा दिवस निवडावा म्हणजे कोणालाही सबब उरत नाही. हे जमणारे नसेल, तर जवळच्या बचत गटाकडून घेण्यात कमीपणा कसला? तीही कोणाच्या तरी हातचीच असते, आणि त्या हातांना पैसे मिळतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना गावाहून डबे मागवण्याची सवय असते. ते जरूर मागवावेत. पण बंगळूरकर शेजारीण ‘संडिगे’ घालते, तमिळ शेजारीण तांदळाचे ‘वडाम’ घालते. त्यांच्यासोबत एक सकाळ बसल्यास तिकडच्याच तांदळाचे वाळवण शिकता येईल आणि दुसरे माणूसही आपोआप मिळेल.

कुरडया खडखडीत वाळल्यावरच डब्यात भराव्यात. मोडताना ‘कट्’ असा आवाज न आल्यास आणखी एक ऊन द्यावे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. आणि चीक उतरवताना एक वाटी बाजूला काढून ठेवावी. गरम चिकावर दूध-साखर घालून मुले आवडीने खातात. यंदा ती पहिली वाटी, पहाटे सर्वांच्या आधी उठलेल्या व्यक्तीच्या हातात द्यावी, आणि ती खाऊन होईपर्यंत सोऱ्या दुसऱ्या कोणी तरी धरावा.