वस्तीवरचे कॅमेरे : वाढवण्याआधी तपासा



शेजारच्या वस्तीवर घरफोडी झाली की लगेच आणखी दोन कॅमेरे आणायची घाई होते. आमचे सांगणे असे की, आधी आहेत त्यांची परीक्षा घ्या. रात्री अंधार पडल्यावर घरच्याच माणसाला फाटकातून दारापर्यंत चालायला लावा आणि मग चित्रण बघा. कोणीतरी आले एवढेच कळते, की कोण आले ते ओळखता येते?

पुष्कळ ठिकाणी कॅमेरा पत्र्याखाली १५ फुटांवर ठोकलेला असतो. तेथून टोपी दिसते, तोंड दिसत नाही. अंगणासाठी तो राहू द्या. पण दाराशी एक कॅमेरा ७-८ फुटांवर, येणाऱ्याच्या समोर बसवा. दोनऐवजी चार मेगापिक्सेलचा घेतल्यास चित्र अधिक स्पष्ट येते, मात्र जागाच चुकली तर पैसे वाया. बांधाकडे रोखलेल्या कॅमेऱ्यापुढे ऊस वाढला की नुसते पाचटच दिसणार!

रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांवर किडे येतात, मागोमाग कोळी जाळे विणतो आणि चित्र पांढरे होते. आठवड्याला फडके फिरवा.

डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवा. तो आणि कॅमेरे, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. पासवर्ड बदला, घड्याळ लावा.

चोरी झालीच तर ११२ ला फोन करा, कशालाही हात लावू नका आणि चित्रण त्याच दिवशी उतरवून घ्या. डिस्क भरली की जुने आपोआप पुसले जाते.