गेमिंगचा कॉम्प्युटर घेताय? आधी मॉनिटर ठरवा!

गेमिंगसाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की होस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा रंगते. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम १६ की ३२, कॅबिनेटमधले लाइट लाल की निळे! मॉनिटरचं नाव सगळ्यात शेवटी येतं आणि "उरलेल्या पैशात कोणताही घेऊन टाकू" असं म्हणून विषय संपतो. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. कार्ड काही वर्षांत जुनं पडतं, पण नीट निवडलेला मॉनिटर सहज दोन कॉम्प्युटर पुरतो. शिवाय कॅबिनेटमध्ये कितीही महागडा माल भरा, दिसणार तेवढंच, जेवढं मॉनिटर दाखवेल.

माझ्या चुलतभावासाठी अकोटला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा यादी करायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात इंजिनिअरिंगला मी एकटाच. पैसे कपाशीच्या चुकाऱ्यातले होते आणि काकांची अट साधी होती: एकदाच काय ते घ्या, पुढची पाच वर्षं नाव काढू नका. मॉनिटरचा आकडा ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "टीव्ही हाये नं घरी एवढा मोठा, मंग दुसरा कायले आनतं? त्यालेच जोडून पाय."

भाऊ हसला. मला मात्र प्रश्न एकदम बरोबर वाटला. एचडीएमआय केबल तीच, पडदा तोच एलसीडीचा. मग फरक काय? मी माझा लॅपटॉप घरच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीला लावून पाहिला. माउस हलवला की बाण किंचित मागून यायचा. याला इनपुट लॅग म्हणतात. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी ते गुळगुळीत करतो, रंग भडक करतो आणि या प्रक्रियेत वेळ घालवतो. सिनेमा बघताना हे कळतही नाही, पण गेममध्ये समोरचा गोळी झाडून मोकळा होतो. टीव्हीत गेम मोड चालू केल्यावर हा उशीर बराच कमी झाला. ज्यांच्याकडे मॉनिटरचे पैसे नाहीत त्यांनी एवढं तरी जरूर करावं.

दुसरी अडचण अक्षरांची. ती समजायला थोडं गणित करू. निरोगी डोळा साधारण एक मिनिट कोनाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. टेबलावर आपण पडद्यापासून अंदाजे ६० सेंटिमीटरवर बसतो. त्या अंतरावर हा कोन म्हणजे सुमारे ०.१७ मिलिमीटर. आता ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळून ठिपके दिसणारच. तेच १९२० बाय १०८० पिक्सेल २४ इंचात बसवले तर पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा होतो आणि २७ इंचात ०.३१ चा. म्हणून २७ इंच घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्यावा (तिथे पिक्सेल ०.२३ चा पडतो). फुल एचडीला २४ इंच पुरे. दुकानात २७ इंची फुल एचडी मोठा आणि स्वस्त दिसतो, पण तिथे आपण चार फुटांवर उभे असतो हे विसरू नका.

मग सरळ १४४० च का घेऊ नये? कारण ते पिक्सेल रंगवायचे कोणी? ग्राफिक्स कार्डाने. फुल एचडीमध्ये एका फ्रेमला २०,७३,६०० पिक्सेल, १४४० मध्ये ३६,८६,४०० आणि फोर-के मध्ये ८२,९४,४००. काम अगदी याच प्रमाणात वाढत नाही, पण वाढतं भरपूर. आमच्या बजेटात मधल्या किमतीचं कार्ड बसत होतं. फोर-के मॉनिटर घेऊन त्यावर अडखळत गेम खेळणं म्हणजे बैल एक आणि नांगर चार.

आता येतो रिफ्रेश रेट, ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. "एवढा फरक डोळ्याला कळतो का?" हा नेहमीचा प्रश्न. कळतो, आणि कारण गमतीचं आहे. समजा, एखादी गाडी एका सेकंदात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. ६० हर्ट्झवर ती दर चित्रात ३२ पिक्सेल उडी मारते आणि दोन उड्यांच्या मध्ये जागच्या जागी थांबते. डोळा मात्र थांबत नाही, तो सलग सरकत राहतो. त्यामुळे थांबलेली गाडी डोळ्याच्या पडद्यावर पुसट होते. १४४ हर्ट्झवर तीच उडी १३ पिक्सेलची. जुना सीआरटी मॉनिटर हलत्या चित्रात इतका स्वच्छ का दिसायचा त्याचं उत्तरही इथेच आहे: त्यावरचा ठिपका क्षणभर चमकून विझायचा, चिकटून बसत नव्हता.

पण इथे थांबायचं कुठे तेही समजून घ्या. ६० वरून १४४ ला गेलं की दर चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला गेलं की जेमतेम २.८. पैसे मात्र पुन्हा मोजायचे. कार्ड तेवढ्या फ्रेम देणार नसेल तर ते पैसे पाण्यात. व्हॅलोरंटसारखा हलका गेम मधल्या कार्डावर १४४ च्या वर सहज जातो. मोठे, देखणे गेम ७०-८० वर घुटमळतात. कार्ड आणि पडद्याची लय जुळली नाही की चित्र मध्येच आडवं कापल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे अॅडॅप्टिव्ह सिंक: कार्डाची फ्रेम तयार होईल तेव्हाच पडदा बदलतो. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणलं तेव्हा मॉनिटरमध्ये वेगळं महाग मॉड्यूल लागायचं. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही साध्या अॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवर हे काम करतात, त्यामुळे आता त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज उरलेली नाही.

पॅनेलबद्दल थोडक्यात सांगतो. टीएन वेगवान, पण बाजूने पाहिलं की रंग फिके. व्हीएचा काळा रंग गडद, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे सावली ओढली जाते. आयपीएस रंगाला आणि कोनाला उत्तम, काळा मात्र थोडा राखाडी. आमच्या खोलीत दिवसा अंगणातून भरपूर उजेड येतो, म्हणून मॅट आयपीएस ठरवला. ओलेड या सगळ्यांपेक्षा सरस, पण बजेटाबाहेर. शिवाय गेमचा एकच नकाशा तासन् तास कोपऱ्यात राहिला तर त्याचा डाग बसण्याची भीती. आणि पेटीवरच्या "१ मिलिसेकंद" ला भुलू नका. तो आकडा कधी रंग बदलायचा वेळ असतो, तर कधी बॅकलाइट विझवून-पेटवून मिळवलेला.

आता आपल्या वऱ्हाडाची गोष्ट, जी कुठल्याच पेटीवर छापलेली नसते. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवायचं कमाल तापमान ४० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हे आपण शिकलोच आहोत. म्हणून टिनाच्या खोलीत दुपारी खेळू नये आणि मॉनिटर भिंतीला चिकटवू नये. कूलरचा ओला झोत तर कॉम्प्युटरवर अजिबात नको. यूपीएसचा हिशेबही आधीच करा. २४ इंची मॉनिटर २०-३० वॉटच खातो, पण गेम चालू असताना कॅबिनेट ३०० च्या पुढे जाऊ शकतं. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, म्हणजे काठावरच.

शेवटी आम्ही २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १४४ हर्ट्झचा मॉनिटर अकोल्याहून आणला. ऑनलाइन थोडा स्वस्त होता, पण एखादा पिक्सेल मेलेला निघाला तर बदलून कोण देणार, हे मला समोरासमोर विचारायचं होतं. कंपन्या दोन-चार मेलेले पिक्सेल खराबी धरतीलच असं नाही, म्हणून बिल करायच्या आधी विचारा आणि दुकानातच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून बघा. पेटी उभीच न्या. घरी केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ स्वतः निवडा. ते आपोआप होईलच असं नाही. कित्येक जण १४४ चा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवत बसतात. आणि हो, पेटी आणि थर्माकोल बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा, घरच्यांनाही सांगून ठेवा. नाहीतर दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याच्या गाडीवर दिसेल.