कथा आधी कुणाला दाखवावी?

प्रश्न : माझी पहिली कथा लिहून झाली आहे. ती फेसबुकवर टाकून मतं घ्यावीत, की आधी दोघातिघांनाच वाचायला द्यावी? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दोघातिघांनाच द्या. चारचौघांत टाकलेल्या लिखाणाला ‘छान’, ‘अप्रतिम’ मिळतं. कथा मध्येच रेंगाळते हे तिथं सहसा कुणी लिहीत नाही. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश अशी मंडळी आपल्या कविता एकमेकांना वाचून दाखवत, त्यांवर चर्चा करत. जाहीर काव्यगायन लोकप्रिय केलं तेही याच मंडळाने. कवितेला कान लागतात, तिला श्रोत्यांपुढे न्यावंच लागतं. कथेचं तसं नाही.

वाचक निवडताना एक लिहिणारा घ्या, एक नुसताच भरपूर वाचणारा. घरच्यांना शक्यतो नको. त्यांच्या मायेला परीक्षेला बसवू नये. आणि ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. कुठे कंटाळा आला, कुठलं पान मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, हे विचारा. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथं नक्की काहीतरी अडतं आहे.

शिवाय अनेक दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात आणि फेसबुकवर आलेली कथा काही संपादक प्रकाशित धरतात. चोरीची धास्ती असेल तर, कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. कथा ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेची नोंद राहील.