गळाला लागलेला मासा

(शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव बुराई नदीच्या काठी वसले आहे. तालुक्याच्या उत्तरेकडून तापी नदी वाहते. मुडावद येथे पांझरा नदी तापीला मिळते. या संगमावर मासे धरायला गेलेल्या एका मुलाने आपला अनुभव या पाठात सांगितला आहे.)

जुलै महिना सुरू झाला होता. दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेले होते. रविवारी पहाटे मामूंनी मला हलवून जागे केले. ते म्हणाले, "चल, ऊठ. आज मुडावदला जाऊ. तापीत गळ टाकू."

मी लगेच उठलो. आमच्या बुराई नदीत मी फार तर बोटाएवढे मासे पाहिले होते. तापीची गोष्टच वेगळी! निघताना मी ऐटीत म्हणालो, "अम्मी, मसाला वाटून ठेव. आज मोठा मासा आणतो."

अम्मी हसून म्हणाली, "आधी मासा आण, मग वाटते."

मामूंच्या मोटारसायकलवरून आम्ही बेटावदमार्गे मुडावदला पोहोचलो. तेथे कपिलेश्वराचे जुने देऊळ आहे. त्याच्याजवळच पांझरा तापीला मिळते. काठावर चार-पाच माणसे आधीच गळ टाकून बसली होती. त्यांत एक दुकानदार होते, एक गुरुजी होते. थोडे बाजूला एक म्हातारे भोई बाबा जाळे दुरुस्त करत होते. मामूंनी त्यांना "राम राम, बाबा" म्हटले आणि आम्ही त्यांच्याजवळच्या एका खडकावर बसलो.

माझ्याजवळ बांबूची काठी, तंगूस, गळ आणि कणकेचा गोळा होता. मी गळाला कणीक लावली आणि गळ पाण्यात टाकला. थोड्याच वेळात पाण्यावरचे बूच हलले. मी जोराने काठी ओढली. गळ रिकामा! कणीकही गेली होती. असे तीनदा झाले. चौथ्यांदा मी रागाने पाय आपटला.

भोई बाबा अहिराणीत म्हणाले, "आरे भाऊ, मासा काय तुना नोकर शे का?" म्हणजे, "मासा काय तुझा नोकर आहे?" सगळे हसले. मीही हसलो. बाबांचे पुढचे बोलणे मी तुम्हांला मराठीतच सांगतो.

बाबा म्हणाले, "पाय आपटू नकोस. खडकावरचा धक्का पाण्यात माशाला कळतो. सूर्य पाठीशी घेऊन उभा राहू नकोस, तुझी सावली पाण्यावर पडते. आणि बूच नुसते हलले की ओढू नकोस. मासा आधी आमिष चाखून बघतो. बूच पाण्याखाली गेले की मग काठी उचल. झटका देऊ नकोस."

मी विचारले, "पण मासा आहे कोठे, ते कसे ओळखायचे?"

"पाणी वाच. तू पुस्तक वाचतोस ना, तसे. तिकडे बघ. पांझरेचे पाणी धावत येते आणि इकडे संथ होते. या दोन पाण्यांच्या सीमेवर खाद्य वाहून येते. मासा तेथे येतो. काठच्या झाडांच्या मुळांशी मरळ असते. दगडांच्या कपारीत वाम लपते. शिंगाळा तळाशी फिरतो. त्याला कणीक चालत नाही, गांडूळ लागते."

मामू म्हणाले, "बाबा, मासे धरणाऱ्याला आमच्या उर्दूत माहीगीर म्हणतात." बाबांना तो शब्द फार आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला.

बाबांनी सांगितले तसे मी केले. तासाभरात दोन मासे मिळाले. दोन्ही चिलापी, तळहाताएवढे. ते मी पिशवीत टाकले. मग बराच वेळ काहीच झाले नाही. मी कंटाळलो होतो. इतक्यात बूच एकदम पाण्याखाली गेले. मी काठी उचलली आणि ती धनुष्यासारखी वाकली!

"ओढू नकोस! त्याला पळू दे, मग हळूहळू जवळ घे," बाबा ओरडले. मासा डावीकडे पळाला, उजवीकडे पळाला. माझे हात थरथरत होते. अखेर तो दमला. मामूंनी पाण्यात हात घालून त्याला काठाशी घेतले. तो रोहू होता. दोन किलोंचा तरी असेल! माझा आनंद गगनात मावेना.

बाबा जवळ आले. त्यांनी आधी आपले हात पाण्यात ओले केले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो. मग त्यांनी माशाचे पोट हळूच चाचपले. पोट फुगलेले आणि मऊ होते.

"मादी आहे. पोटात गाभोळी आहे," ते म्हणाले.

गुरुजी मला समजावून सांगू लागले, "रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांचे बीज आणून आपल्याकडच्या धरणांत आणि नद्यांत सोडले. हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यात नदीला आलेले नवे पाणी लागते. म्हणून पूर्वी लोक नदीतून पिले गोळा करून आणत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवले. त्यामुळे मत्स्यबीज तयार करणे सोपे झाले. म्हणून १० जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. अशी एक मादी लाखांनी अंडी घालते. त्यांतली फार थोडी पिले मोठी होतात."

"मग हिला सोडायचे?" मी विचारले. माझा आवाज रडवेला झाला होता.

दुकानदार म्हणाले, "सोडू नकोस रे. तू सोडशील आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल."

बाबा म्हणाले, "जाईलही. पण अंडी घालायला तिला एक रात्र तरी मिळेल. भाऊ, मी तरुणपणी असे मासे टोपलीने विकले आहेत. तेव्हा कळले नाही. आता माझे जाळे अर्धे रिकामे वर येते. मासा तुझा आहे. तू ठरव."

मी मामूंकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. मला अम्मीला दिलेला शब्द आठवला. मित्रांना काय सांगू, असेही वाटले. मी पुन्हा माशाकडे पाहिले. त्याचे तोंड उघडत होते, मिटत होते. मी हात ओले केले. मामूंनी गळ अलगद काढला. मी माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरले, तोंड प्रवाहाकडे करून. थोडा वेळ तो तसाच राहिला. मग त्याने शेपटीचा एक फटका मारला आणि तो गेला. माझे तोंड भिजले.

मी पुन्हा गळाला कणीक लावू लागलो. पण बाबा तापीकडे टक लावून पाहत होते. ते एकदम म्हणाले, "सामान उचला. वर चला."

आकाशात ढगही नव्हता. दुकानदार म्हणाले, "बाबा, आत्ता तर मासा लागायला लागला आहे!"

बाबांनी बोट दाखवले. पाण्याचा रंग गढूळ होत चालला होता. त्यावर काटक्या, गवत आणि फेस वाहत येत होता. "येथे पाऊस नाही, पण वर कोठेतरी पडला आहे. तापी मध्य प्रदेशातून, मुलताईहून येते. वाटेत हतनूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की पाणी खाली येते. पांझरेवरही अक्कलपाडा धरण आहे. नदी आधी खूण दाखवते. ज्याने ती पाहिली तो वाचला."

आम्ही घाईने वर चढलो. माझी कणकेची पिशवी खडकावरच राहिली होती. मी ती आणायला वळलो, तोच मामूंनी माझा दंड घट्ट धरला. "कणीक घरी पुष्कळ आहे," ते म्हणाले. आम्ही देवळाजवळ उभे राहून पाहत होतो. अर्ध्या तासात तो खडक पाण्याखाली गेला. कोणीच काही बोलले नाही.

निघताना बाबांनी माझ्या हातातली तुटकी तंगूस पाहिली. "ही काठावर टाकू नकोस. पाखरांच्या पायांत अडकते." मी ती गुंडाळून खिशात ठेवली. मी माझी पिशवी त्यांच्यापुढे धरली आणि विचारले, "बाबा, हे दोन मासे नेऊ का?"

"खुशाल ने. चिलापी आफ्रिकेतून आलेली. तिला वर्षातून अनेकदा पिले होतात. ती कमी झाली तर बाकीच्या माशांना जागाच मिळेल."

घरी पोहोचलो तेव्हा अम्मी दारातच उभी होती. तिने पिशवीत डोकावून पाहिले आणि विचारले, "आणि मोठा मासा कोठे आहे?"

मी म्हणालो, "तापीत आहे."

शब्दार्थ

गळ – मासे धरण्याचा आकडा
आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेले खाद्य
तंगूस – नायलॉनची बारीक, मजबूत दोरी
कपार – दगडांमधील खोलगट जागा
गाभोळी – माशाच्या पोटातील अंडी
मत्स्यबीज – पाळण्यासाठी सोडायची माशांची लहान पिले
आनंद गगनात न मावणे – खूप आनंद होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुडावद येथे कोणत्या दोन नद्यांचा संगम आहे?
(आ) शिंगाळा माशासाठी कोणते आमिष लागते?
(इ) माशाला धरण्यापूर्वी बाबांनी हात ओले का केले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'पाणी वाच' असे बाबा का म्हणाले?
(आ) नदीचे पाणी वाढणार हे बाबांनी कसे ओळखले?

३. दुकानदार आणि बाबा यांच्यापैकी कोणाचे म्हणणे तुम्हांला पटते? का?

४. उपक्रम : तुमच्या गावाजवळच्या नदीत किंवा तलावात कोणते मासे मिळतात, ते वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांची मराठी आणि उर्दू नावे वहीत लिहा. मोठ्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नका.