वडिलांचं आतडं आणि आत्याची पिशवी

प्रश्न : वडिलांना 46 व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन मिरजेत झालं. डॉक्टरांनी विचारलं, ‘यांच्या बहिणीची पिशवी का काढली होती?’ आतड्याचा आणि पिशवीचा काय संबंध? आम्ही भावंडांनी लगेच रक्ततपासणी करावी का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : आजार वडिलांना आणि चौकशी आत्याची, म्हटल्यावर कोडं पडणारच. पण डॉक्टरांनी नेमकं विचारलं.

मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. शंभरातल्या साधारण तीन रुग्णांत मात्र ‘लिंच सिंड्रोम’ सापडतो. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, तीत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारं एखादं जनुक या घराण्यांत जन्मतःच बिघडलेलं असतं. त्याचा फटका सर्वाधिक बसतो तो मोठ्या आतड्याला आणि गर्भाशयाच्या अस्तराला. म्हणून आत्या.

आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढंच घरात माहीत असतं. अंगावर जास्त जात होतं, साधी गाठ होती, की कॅन्सर? आणि कॅन्सर असेल तर पिशवीच्या तोंडाचा की आतल्या अस्तराचा? तोंडाचा इथे धरत नाहीत, अस्तराचा धरतात. आत्याच्या घरी जुन्या कागदांत बायोप्सीचा रिपोर्ट असेल, तो आधी शोधा.

तपासणी कोणाची करायची, याचा 1991 चा ‘ॲमस्टरडॅम’ नियम होता : तीन जवळचे नातलग, दोन पिढ्या, एक तरी पन्नाशीच्या आतला. दोन-तीन माणसांच्या घरात हा हिशेब जुळायचा कसा? त्यामुळे आता शक्यतो प्रत्येक रुग्णाची गाठच तपासावी, असा सल्ला देतात. ऑपरेशनात काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यात दुरुस्तीची चार प्रथिनं आहेत का, हे पाहतात. एखादं गायब असलं तरी तेवढ्यावरून आजार आनुवंशिक ठरत नाही. पुढची तपासणी लागते.

म्हणून तुम्ही लगेच रक्त देऊ नका. आधी वडिलांचं. त्यांच्यातला दोष कळल्याशिवाय तुमचा ‘काही सापडलं नाही’ हा रिपोर्ट भरवशाचा नाही. दोष सापडला, तर तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. ‘बापाचं मुलीत उतरत नाही’ हा समज साफ चुकीचा आहे. ज्याच्यात दोष उतरला, त्याची साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करतात. कोंब दिसला की तिथेच काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा घराण्यांसाठी वेगळी ओपीडी आहे.

तुमच्यात आत्याच्या मुलाला मुलगी देत असाल, तर सोयरीक जुळवण्याआधी हे जरूर सांगा. नवरा-बायको दोघांतही तोच दोष असेल, तर मुलांना लहानपणीच कॅन्सर होऊ शकतो.

आणि आजीजवळ निवांत बसा. कोण कोणत्या वयात गेलं, हे तिला आकड्यात सांगता येणार नाही. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात त्याची पोरं केवढी होती, असं विचारा. वयं आपण मांडायची.